उपरण्याखाली तीन हजार

१ जानेवारी १९५९, गुरुवार
जिनवाल्या शेठने ही डायरी फुकट दिली. माझ्या कापसाच्या वजनात त्याने जे मारलं त्यातूनच आली असणार, पण कागद गुळगुळीत आहे. नवीन वर्ष, नवीन डायरी, म्हणून संकल्पही नवीन. आजपासून कोणावर हात उचलायचा नाही. माणूस पंचेचाळिशीला आला की नुसत्या नजरेत दम पाहिजे. माझ्या आहे.

काल गावातल्या लोटनला मारलं ते जुन्या वर्षात गेलं. इथे धरायचं नाही. फक्त माहितीसाठी लिहितो.

बैलबाजारात त्याने माझा तांबडा घेतला. आपल्याकडे सौदा तोंडाने होत नाही. भाव तोंडाने सांगून साबण घेतात, बैल नाही. हातावर उपरणं टाकायचं, शेकडा की हजार एवढंच मोठ्याने बोलायचं, आणि आत समोरच्याची जितकी बोटं धरली तितका भाव. पूर्ण पंजा म्हणजे पाच. लोटनने शेकड्यात माझी तीन बोटं धरली. मी टाळी दिली, गूळ वाटला, विषय संपला. मग बैल वीस पावलं चालला आणि खाली बसला. लोटन म्हणे, सौदा मोडा पाटील, बैल बठस. मी म्हटलं, बैल बसत नाही, विचार करतोय.

उपरण्याखालचा सौदा मोडेल त्याला पायताण, हा बाजाराचा नियम. नियम असला की पाळणारा कोणीतरी लागतो. अकरा मारली. मग लोटनने बैल नेला.

बैल बसतो. तीन वर्षांपासून बसतो. पण तो मुद्दा नाही.

४ जानेवारी, रविवार
शहाद्याचा साडू सुपडू मोटार घेऊन आला. ऊस साधला म्हणे. गाडीतून उतरला नाही. दारात गाडी उभी करून भोंगा वाजवला, आणि मी, धानोऱ्याचा दोधू पाटील, धोतर सावरत बाहेर पळालो. पळालो हे खरं आहे. बायकोने चहा गाडीत नेऊन दिला. सुपडू काचेतून म्हणाला, दाजी, बैलगाडीने यायला तुम्हाला दीड दिवस लागतो, आम्हाला दीड सिगारेट.

संकल्प आठवला. हात उचलला नाही. तो गेल्यावर फक्त खाटेला लाथ मारली. लाथ म्हणजे हात नव्हे. खाटेचा पाय गेला, म्हणून जमिनीवर झोपतोय. पाठीला बरंच असतं.

निर्णय : मोटार घ्यायची. सुपडूपेक्षा लांब आणि त्याच्यापेक्षा स्वस्त.

६ जानेवारी, मंगळवार
बायकोला सांगितलं. पेटीत कापसाचे पाच हजार आहेत. जसोदाबाई म्हणे, त्यातले दोन हजार विहिरीवरच्या इंजिनचे. दोन एकर केळी उभी आहे, तांबडा विकला म्हणून मोट बंद, चैतापर्यंत इंजिन आलं नाही तर केळी जळेल. तीन हजारांत मोटार मिळत असेल तर आणा, वर एक पैसाबी नही. केळी जळाली तर मी शहाद्याला बहिणीकडे निघून जाईन, आणि तुमच्या मोटारीला पाणी तुम्हीच पाजा.

फार राग आला. बायकोवर हात उचलत नाही. सत्तेचाळीस साली एकदा उचलला होता. मला डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं.

तांब्या फेकला. तो भिंतीवरून परत आला आणि माझ्या नडगीवर बसला. तरी शांत राहिलो. तीन हजार तर तीन हजार. जो माणूस बसणारा बैल तीनशेला विकू शकतो, त्याला मोटार तीन हजारांत घेणं काय अवघड आहे?

१० जानेवारी, शनिवार
नंदुरबार. चुनीलालशेठच्या वखारीत चार जुन्या मोटारी आहेत. तीन नुसत्या आहेत. चौथी काळी, विलायती, सेहेचाळीसचं मॉडेल, आत लाल गादी. पाहताक्षणी मन गेलं, पण तोंड वाकडं ठेवलं. टायरला लाथ मारली. दरवाजा दहा वेळा आपटला, एकदा त्यात शेठचा अंगठा होता. मुद्दाम नव्हतं, पण परिणाम चांगला झाला.

शेठ तोंडाने म्हणाला, चार हजार. तोंडाने. मी हसलो. म्हटलं, शेठ, आमच्यात उपरण्याखाली बोलतात. तो म्हणे, चालेल, माझे वडीलही धुळ्याच्या बाजारात तसेच बोलायचे.

फसला बिचारा. त्याच्या वडिलांची बोटं वेगळी, दोधू पाटलाची वेगळी. परत येताना एक बकरी आडवी आली तिला लाथ घातली. बकरीनेही शिंग घातलं. ही बरोबरी सोडवली पाहिजे.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत
तीळगूळ घेऊन वखारीत गेलो. गोडीत भाव उतरतो. सौदा आजच करायचा बेत होता.

शेठ जेवायला गेला होता. मेकॅनिक खात्या गाडीखालून बाहेर आला. त्याने तीळगूळ खाल्ला आणि म्हणाला, पाटील, गाडी घेतात पण चालवील कोन? मी म्हटलं, शिकेन. तो म्हणे, तुमनं वय शे बैलगाडीनं. मी संकल्प आठवला. त्याला दुसरा लाडू दिला. तो खाऊन म्हणाला, आनि तुमना साडू तं स्वतः चालवस.

साडूचं नाव काढल्यावर संकल्प लागू नाही. तो वेगळा विषय आहे. मी ठोसा मारला. खात्या खाली वाकला. ठोसा मोटारीच्या पुढच्या मडगार्डला बसला. मडगार्ड आत गेलं, मीही जरा खाली बसलो. मी गोड बोलावं म्हणून खात्याने पान्हा माझ्या गुडघ्यावर हलकेच मारला. मग मी त्याला डोकं मारलं. मग त्याने माझी टोपी ऑइलच्या डब्यात बुडवून तिनेच माझं तोंड पुसलं. जेवून आलेल्या शेठने आम्हाला सोडवलं.

शेठ म्हणे, मडगार्डचे पैसे धरत नाही, सणाचा दिवस आहे. बघा, माणूस किती घाबरला.

१५ जानेवारी, गुरुवार
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून असा पट्टा गुंडाळला आहे की हात दुधी भोपळ्याएवढा दिसतो. नुसती टोकं बाहेर आहेत. त्यांना काही समजत नाही, गरमही नाही, थंडही नाही.

जसोदाबाईने विचारलं, तुमना हात शे का मुसळ? मी म्हटलं, मडगार्ड बघायला ये म्हणजे कळेल. ती विहिरीवर गेली, बादलीने पाणी ओढायला. हल्ली रोज ओढते. हट्ट आहे तिचा.

वैद्य म्हणे, महिनाभर या हाताने काहीही करू नका. महिनाभर थांबलो तर गाडी दुसरा नेईल. आणि डाव्या हाताने सौदा होत नाही. बाजारात डावा हात पुढे केला तर लोक अपशकुन समजतात, जणू प्रेत आलं.

१९ जानेवारी, सोमवार
विजय. थोडक्यात लिहितो, कारण हात ठणकतो आहे.

सौद्याला आपल्या गावचा एक साक्षीदार लागतो. कोणीच येईना. सगळ्यांना एकाच दिवशी कामं कशी निघाली कळत नाही. शेवटी लोटन आला. स्वतःहून म्हणाला, मी येस. मोठा माणूस आहे. अकरा पायताणं विसरला. त्याला खरा सौदा कसा करतात हे बघायला मिळेल म्हणून मलाही बरं वाटलं.

शेठने हातावर उपरणं टाकलं. मी मोठ्याने म्हणालो, हजारात. आधी त्याने माझी बोटं धरली. किती धरली ते पट्ट्यातून कळलं नाही, पण त्याने काय धरलं याच्याशी मला काय करायचंय? मग मी त्याची तीन बोटं धरली. कामट्या मध्ये येत होत्या, म्हणून नीट पकड येईपर्यंत भोपळा आत रेटला आणि आवळून धरला. तीन म्हणजे तीन.

शेठचा चेहरा एकदम पडला. तोंड उघडं राहिलं. टोपी काढून त्याने डोकं पुसलं. हळू आवाजात म्हणाला, पाटील, बघा बरं, पक्कं? मी म्हटलं, पक्कं, आता रडू नका. यावर एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. त्याने लोटनकडे बघितलं, मग खात्याकडे, आणि इतक्या घाईने टाळी मारली की मी ओरडलो. लोटनला वाटलं आनंदाने.

गूळ वाटला. खात्याने दोनदा घेतला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, आता जो मागे फिरेल त्याला अकरा पायताणं. शेठ म्हणे, मंजूर. लोटन म्हणे, मीबी साक्षी शे.

घरी येऊन बायकोला सांगितलं, चार सांगितले होते, तीनला तोडली. तिने लगेच इंजिनवाल्याला निरोप पाठवला, मार्चमध्ये या.

२० जानेवारी, मंगळवार
कुठून सुरू करू?

तीन हजार नेले. उरलेले दोन हजारही नेले, कारण जसोदाबाई म्हणाली, येताना इंजिनचं बयाणं देऊन या. शेठने तीन मोजले आणि हात पुढेच ठेवला. म्हणे, बाकीचे दोन? मी म्हटलं, कसले दोन? तो म्हणे, सौदा पाचचा झाला. मी म्हटलं, तुम्हीच तोंडाने चार म्हणाला होता, मग मी पाच कशाला देईन? तो म्हणे, हेच कोडं मला रात्रभर पडलं होतं, पाटील.

मी टेबल उलटं केलं. ते हाताने केलं, लिहायला हरकत नाही. खात्याने मला मागून धरलं. मी त्याला चावलो. बाजारपेठेतले वीस-पंचवीस लोक जमले. साक्षीदार म्हणून आलेला लोटन मध्ये पडला आणि म्हणाला, वाद नही पायजे. उपरणं बाजूला ठेवा आणि पाटील, काल धरेल तसं सगळ्यांसमोर धरी दाखवा.

ही माझ्या बाजूची सूचना होती. मी भोपळा पुढे केला, शेठची तीन बोटं धरली, रेटला, आवळला. अगदी काल धरली तशी. मग खाली पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. शेठचा अख्खा पंजा आत होता, अंगठ्यासकट. बाहेर काहीच नव्हतं.

मला आतून तीनच वाटत होती. आत्ताही तीनच वाटतात.

मी म्हटलं, हात मोडला आहे, सौदा मोडा. मी म्हटलं, केळी जळेल. हे दोन्ही मी मोठ्याने म्हणालो, पहिल्यांदाच आयुष्यात, आणि खरं म्हणजे हात जोडले, म्हणजे एक हात आणि एक भोपळा. शेठला दया येत होती असं वाटलं. पण लोटनने पायताण काढलं होतं.

मी मोजली. अकराच. एक जास्त नाही, एक कमी नाही. लोटन नियमाचा पक्का आहे. आणि मारल्यावर सौदा मोडत नाही, हे मीच त्याला एकतीस तारखेला शिकवलं होतं.

पाच हजार दिले.

२१ जानेवारी, बुधवार
मोटार धानोऱ्याला आणली. चालवायला कोणी तयार नव्हतं. खात्याला विचारलं. त्याने चावलेला दंड दाखवला. शेवटी लोटननेच बैलजोडी आणली, भाडं पाच रुपये, आगाऊ. जोडीत उजव्या बाजूला तांबडा होता. त्याने मला ओळखलं.

मी आत लाल गादीवर बसलो. पुढे बैल, त्यापुढे लोटन. रस्त्यात सगळं गाव भेटलं. सगळ्यांना आज कामं नव्हती.

माझ्या केळीच्या बांधापाशी तांबडा खाली बसला. मी खिडकीतून शिव्या दिल्या. उतरून लाथ घालायला गेलो तर खात्याने पान्हा मारलेला गुडघा वळेना. लोटनने सावकाश बिडी पेटवली आणि म्हणाला, बैल बठना नही, पाटील. इचार करी ऱ्हायना.

जसोदाबाई विहिरीवर होती. मी भोंगा वाजवला. भोंगा चांगला आहे, शहाद्यापर्यंत जाईल. ती वळली नाही. पुन्हा वाजवला. तिने बादली सोडली, ओढली, केळीच्या बुडाशी ओतली, आणि पुन्हा सोडली. माझ्याकडे बघितलं असतं, शिवी दिली असती, सत्तेचाळीसप्रमाणे कानाखाली, या वेळी उजव्या, दिली असती, तरी चाललं असतं.

उतरलो. दोराला डावा हात घातला. तिने दोर सोडला नाही आणि मला हात काढायलाही सांगितलं नाही. अंधार पडेपर्यंत नऊ बादल्या झाल्या. दीड ओळ भिजली. चैत अजून दोन महिने लांब आहे.

आज कोणावरही हात उचलला नाही. दोन्ही हात उचलत नाहीत.