डोहाकाठची पिवळी मुळं

१४ ऑगस्ट

लाडके कॉनी,

डायलिसिसला अजून थंडी वाजते का? नर्सकडे जादा पांघरूण मागत जा, लाजू नकोस. तुझी टेस माझ्याजवळ मजेत आहे. जेवते, भांडते.

इथं डोहाकाठी पानांच्या टोपल्या विणायचं शिबिर भरलं. डार्विन शहरातून बायका शिकायला आल्या. केवड्याची पानं सोलताना सगळ्यांची बोटं रक्ताळली. आपली आई म्हणाली, "काटा बघून ओढा गं, नवऱ्याचे केस नव्हेत ते." हसून हसून पुरेवाट झाली.

मग शिबिर डोहावरून दवाखान्याच्या ओसरीत आणलं. पुराबरोबर मोठी मगर आत शिरलीय, असं क्लाइव्हमामा म्हणत होता. रेंजरांनी पिंजरा लावला, आत डुकराचं मांस टांगलं. मांस तसंच सडत राहिलं.

पानं पिवळी रंगवायला लागणारी मुळं संपली. मी म्हटलं, "लाल रंगावर भागवू." आईनं खणायची काठी उचलली.

"मी पूर्वजांना हाक मारूनच पाण्याजवळ जाते. डोह ओळखतो मला."

"डोह ओळखत असेल. मगर नवी आहे."

"मग तिचीही ओळख करून घेते," म्हणाली आणि निघाली.

दुपारी तिच्यामागे गेलेली कुत्री तिच्याशिवायच परतली. भुंकली नाहीत, ओसरीखाली जाऊन बसली. आम्ही धावलो. काठावर मुळांनी भरलेली पिशवी होती. काठी चिखलात उभी होती.

कॉनी, फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. पत्र आणणारी नर्स ऑलिव्ह तुझ्याजवळ बसेल, तिचा हात सोडू नकोस. काल रेंजरांनी मगर मारली. आईचं जे हाती लागलं ते झाडाच्या सालीत गुंडाळून ठेवलंय. रीतीप्रमाणे घरभर पानांचा धूर फिरवला, तिचा फोटो झाकला. तिचं नाव आता तूही घेऊ नकोस. डॉक्टरांना विचार, तुला किती दिवस सोडतील. तू आल्याशिवाय आम्ही पुरणार नाही.

शिबिरातल्या बायका गेल्या नाहीत. ती मुळं मीच उकळली, पानं रंगवली. रंग चांगला चढला.

आज सकाळी मामाला डोहात दुसरी मगर दिसली. आणि टेस मला विचारत होती, "मोठी आई, पुढच्या वेळी मुळं आणायला मी जाऊ?" मी तिला घरात बसवून दार लावून घेतलंय, आणि दाराशी बसून हे लिहितेय.

लवकर ये.

आता घरात मोठी म्हणून उरलेली,
तुझी मर्ल