देव्हाऱ्याजवळचा राउटर

इंदिरापुरम, गाझियाबाद
२१ नोव्हेंबर २०११

तीर्थरूप दादास,

हरिदासाचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द या खेपेस अक्षरशः घ्यावा. गेल्या दोन महिन्यांत आईच्या पलंगाखाली, हॉलमधल्या कपाटामागे आणि मधल्या पॅसेजमध्ये मी आठही अंगे जमिनीला टेकवून वायर सरकवली आहे. समोर तू नव्हतास एवढेच.) तुझी प्रकृती उत्तम असावी असे धरून चालतो, कारण बिघडली असती तर वहिनींनी कळवले असते, आणि बरी असल्याचे कळवण्याची आपल्या घरात पद्धत नाही. इकडे सर्व क्षेम, म्हणजे बाहेर धूर आहे, सौ. साधनाला खोकला आहे, आणि ऑफिसात माझे टेबल खिडकीपासून आणखी हातभर आत सरकवले आहे. पत्र कशाला, असे तुझ्या मनात येईल. माझे ईमेल तू वाचतोस की तुझी सेक्रेटरी, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. शिवाय पत्राला सिग्नल लागत नाही. पोस्टमन जिने चढतो आणि पोचवतो.

तुला आठवत असेल (नसेल तर आठवण करून देण्यासाठीच हे कागद), गणपतीत मी तुला फोनवर घरची स्थिती सांगितली. आईला आता फोनवर काही ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ दिसले तर मात्र सगळे समजते. चैत्रात कमरेचे हाड मोडल्यापासून ती हॉलमध्ये येत नाही. पलंगापासून पॅसेजमधल्या देव्हाऱ्यापर्यंत बारा पावले आणि परत बारा, एवढाच तिचा प्रवास. आणि हॉलमधल्या राउटरच्या लाटा दोन भिंती व लिफ्टची विहीर ओलांडून तिच्या खोलीत जायला तयार नव्हत्या. तेव्हा तू म्हणालास, "हरी, तुमच्याकडचा नेट तेवढा सुधार. मी रोज सात वाजता आईशी बोलेन." मी हे आईच्या पाटीवर लिहिले. (हल्ली आमचा पत्रव्यवहार पाटीवर चालतो, कारण माझ्या मिशांखालचे ओठ तिला दिसत नाहीत. ती तोंडाने बोलते, मी खडूने.) 'पद्माकर रोज सातला' ही ओळ तिने आजतागायत पुसू दिलेली नाही. 'गोळी घेतली का' वगैरे किरकोळ साहित्य मी खाली उरलेल्या चार बोटे जागेत लिहितो.

मग दुसरा राउटर आणला. तो बसवायला खंडेराव आले. हे मूळचे साताऱ्याकडचे, सैन्याच्या सिग्नल तुकडीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि आता आमच्या सोसायटीतल्या यच्चयावत वायरींचे सेनापती. त्यांच्या येण्याआधी मी स्वतः, केवळ पुस्तिकेच्या आधारे, प्रयत्न करून पाहिला होता. त्याचा परिणाम असा झाला, की पूर्वी फक्त आईच्या खोलीत नेट नव्हते, ते आता घरात कुठेच राहिले नाही. खंडेरावांनी एक दृष्टिक्षेप टाकून निदान केले, "दोघंबी पत्ते वाटायला बसल्यात साहेब. घरात वाटणारा एकच पायजे. धाकट्याला गप करा." (पत्ते म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर मिळणारा क्रमांक.) धाकट्याला गप केले. (मी मधे काही बोललो नाही. सवय आहे.) यातून एक ज्ञान मिळाले ते तुलाही देतो. या दुसऱ्या यंत्राचा बाहेरच्या जगाशी स्वतःचा असा काही संबंध नसतो. थोरल्याकडून जे येईल ते घ्यायचे आणि आईच्या खोलीत नेऊन पोचवायचे, एवढेच त्याचे जीवितकार्य. आमच्या संस्कृत व्याकरणात वरच्या सूत्रातला शब्द न उच्चारता खालच्या सूत्रात उतरतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. मात्र वरच्या सूत्रात शब्दच नसेल तर खाली काय उतरणार, हा प्रश्न परीक्षेत कधी कोणी विचारला नव्हता.

वायर देव्हाऱ्यापाशी संपली. तिथे एकच सॉकेट, ते देवावरच्या छोट्या बल्बचे, बल्बाला आणि त्याला मिळून बटणही एकच. खंडेरावांनी बल्बाशेजारी राउटर जोडला, त्याच्या पुढ्यातले तांब्याचे ताम्हन बाजूला केले (तांबे लाटा अडवते म्हणे), आणि आईच्या खोलीत सिग्नलच्या चार रेघा उमटल्या. घरात नवीन आलेली वस्तू म्हणून आईने त्याला हळदकुंकू वाहिले. तो लुकलुकत होता, तो आवाहन झाल्यासारखाच. वरच्या मजल्यावरच्या सरलाताई आल्या, त्यांनी देवांबरोबर त्यालाही हात जोडले आणि हे कुठले दैवत, असे विचारायला नको म्हणून घाईने निघून गेल्या.

आता मुख्य दुःख. दिवसभर नेट उत्तम, आणि सात वाजता बंद. तू पहिल्या आठवड्यात चार वेळा फोन लावलास, हे मी नोंदवून ठेवतो, कारण मला न्यायाची चाड आहे. चारही वेळा तुझा चेहरा आईच्या लॅपटॉपवर पोचलाच नाही, पडदा काळाच राहिला. "तुमच्याकडचं काही खरं नाही," असे म्हणून तू थांबलास, तेही योग्यच. खंडेराव तीनदा आले, पण दुपारी. तेव्हा यंत्र निर्दोष. आम्ही शेजाऱ्यांच्या राउटरवर संशय घेतला, मग लिफ्टवर, मग दिवाळीच्या धुरावर. शेवटी एका सोमवारी मी अर्धी रजा टाकून साडेसहापासून पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसलो.

सातला पाच कमी असताना आई वॉकर टेकत आली. धुतलेले पातळ, केस विंचरलेले. तिने निरांजन लावले, हात जोडले, आणि भिंतीवरचे बटण खट्कन बंद केले.

दादा, तुला आठवतेय ना? देवापुढे निरांजन लागले की विजेचा दिवा मालवायचा, दोन उजेड एकमेकांसमोर ठेवायचे नाहीत. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आपला अभ्यास रोज याच कारणाने दहा मिनिटे थांबायचा, आणि तुला ती दहा मिनिटे फार आवडायची. इथे निरांजन विझल्यावर बटण साधना सवयीने पुन्हा लावायची, म्हणून दिवसभर यंत्र निर्दोष. म्हणजे रोज ही बाई, मुलगा भेटणार म्हणून देवाचे आभार मानायला बारा पावले येत होती, त्या आभारापोटी मुलाला मालवत होती, आणि परत बारा पावले जाऊन काळ्या पडद्यासमोर बसत होती.

मी पाटीवर सगळे लिहिले (या एका मजकुरासाठी तीन वेळा पाटी खालून पुसावी लागली). तिने वाचले, चष्मा काढला, आणि हाड मोडल्यापासून पहिल्यांदा हसली. "अगंबाई, म्हणजे तो बिचारा बोलावत होता आणि मीच दार लावत होते," असे दोनदा म्हणाली. इतकी आनंदी मी तिला वर्षभरात पाहिलेली नाही. चूक तिची निघाली होती ना, तुझी नव्हे.

दुसऱ्याच दिवशी खंडेरावांनी वायर पुढे ओढली आणि राउटर तिच्या उशाशी, स्वतंत्र सॉकेटवर नेऊन बसवला. ही एक नोव्हेंबरची गोष्ट. मी तुला फोन केला, तू "वा, उत्तम" म्हणालास. आता तिच्या खोलीत सगळ्या रेघा भरगच्च आहेत. आज एकवीस तारीख. रोज सातला ती लॅपटॉपसमोर बसते आणि विचारते, "नेट आहे का रे?" मी पाटीवर लिहितो, 'आहे'. पूर्वी 'नाही' लिहायचो, तेव्हा ती चार शिव्या नेटला घालून समाधानाने जेवायची. 'आहे' वाचल्यावर ती ताटातला भात तसाच टाकते. तुला कामे आहेत, मी जाणतो. मोठ्या माणसाच्या कामांना तिन्हीसांज माहीत नसते. तक्रार अशी काही नाही. यंत्र नीट चालले आहे हे कळवावे, एवढाच पत्राचा हेतू.

रसिकावहिनींना नमस्कार, अबोलीला आशीर्वाद.

तुझा,
(गप केलेला) हरी

ता. क. पत्र बंद करणार तेवढ्यात राहिलेले. परवा संध्याकाळी नवा राउटर बंद पडला. खंडेराव आले, वाकून पाहिले, बटण दाबले, दिवे लागले. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितले आणि चहा न घेताच गेले. काल पुन्हा बंद. आता तिथे ना देव, ना निरांजन. मी पाटीवर लिहिले, 'कोणी केला?'

आई म्हणाली, "मीच. चालू असला की वाट बघावी लागते रे. बंद असला म्हणजे पद्माकर लावत असेल, लागत नसेल, एवढंच."

ता. क. दुसरा. वहिनींचा साधनाला फोन आला होता, बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या, की तू या महिन्यात दोनदा गुडगावला मीटिंगला येऊन संध्याकाळच्या विमानाने परत गेलास. हे मी पाटीवर लिहिलेले नाही, जागा नाही. मेट्रो जुलैपासून वैशालीपर्यंत आली आहे. गुडगावहून पिवळ्या लाइनने राजीव चौक, तिथे बदलून निळी. वैशालीला मी उभा राहीन. सातच्या सुमारास ये. पॅसेजमध्ये बल्ब मालवलेला असेल, वॉकरला अडखळू नकोस. निरांजन असते, तेवढ्या उजेडात तिला ओठ दिसतात.