कोण पाहिजे?

बमरोली, सुरत
१२ मार्च १९९७

चि. वाल्मिक, अनेक आशीर्वाद.

काल तू अमळनेरहून मला भेटायला आलास आणि मी दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" अक्का चेष्टा करते असं वाटून तू हसलास. मी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने हर्षदा कामावरून आली. "माय, मामा रस्त्यात भेटले. रडत होते."

तेव्हा कुठे मला कळलं, दारात तू होतास. तुला मी कडेवर वाढवलं रे! डॉक्टर म्हणतात, कॅन्सर गेला. पण त्या इंजेक्शनांपासून धड झोप नाही, आणि डोक्यातून काहीही पुसलं जातं. पण तूसुद्धा पुसला जावास?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू ते आपल्या मायला वाचून दाखवशील, आणि ती धसका घेईल. पुन्हा ये मात्र. ओळख पटो न पटो, मी आधी हात धरून तुला घरात घेईन.

तुझी अक्का,
द्वारका