बोटभर जागा

सोलापूर, माघ महिना

पत्र भरून कुंडी, कुंडी आणि कुंडी. मागच्या बाजूला जागा उरली, तिथं बी मुळ्यांचं चित्र काढून ठेवलंस. माणसं हितं जिती हायत का, एवढं विचारायला शाई पुरली न्हाय व्हय रे?

प्रिय एकनाथ, आता आशीर्वाद घे. अक्षर वाकडं हाय, ते माझं हाय. आजवर मी सांगायची आणि मालती लिहायची, म्हणून तू ते कधी बघितलं न्हाईस. लावून लावून वाच.

आधी झाडाचं सांगते, न्हायतर तुझा जीव तिथंच अडकून बसंल. दिवाळीच्या आधी त्या कापसाच्या व्यापाऱ्यासंगं जपानातनं तू गोणपाटात बांधून काहीतरी धाडलंस. मी म्हटलं, मालतीला रेशीम धाडलं असंल, बायको हाय शेवटी. उघडून बघते तर केरसुणीचा तुकडा. मालतीनं पत्र वाचलं, तेव्हा कळलं की हे चिडाचं रोप, पानं सुयांसारखी, तिकडं डोंगरावर ताडमाड वाढतं आणि हौशी लोक त्याला कुंडीत हातभर ठेवतात. तुमच्या कोबे गावात लोकांना कामधंदा कमी दिसतो.

कुंभार सिद्रामप्पानं भली मोठी कुंडी दिली. म्हणाला, झाड हाय, वाढणारच, मग परत परत खर्च कशाला. मलाही पटलं. पण त्यातली माती वाळंना आणि सुया पिवळ्या पडाय लागल्या. तेवढ्यात तुझं पत्र आलं की मूळ पोचत न्हाय तिथली माती ओली राहते आणि मुळ्या कुजवते. पसरट परळात बी इतक्यात घालायचं न्हाय, खोड भरेपर्यंत जरा खोलच कुंडी पाहिजे, बुडाला भोकं पाहिजेत, आणि मुळ्यांच्या भोवती बोटभर जागा. मालतीनं झाड उपटून मुळ्यांभोवती दोरा गुंडाळला, बोटभर जास्त सोडून गाठ मारली, आणि तो दोरा घेऊन कुंभाराकडं गेली. तो लई हसला. म्हणाला, चोळीचं माप घेऊन आल्यासारखी आली की ही. पण कुंडी दिली बरोब्बर. मग खापऱ्या कुटून मातीत मिसळल्या, त्यात पोरीची बोटं फुटली. दुपारचं ऊन फिरलं की ती कुंडी उचलून कडुलिंबाखाली न्यायची, संध्याकाळी परत आणायची. आता शेंड्याला पांढरे कोंब आलेत. झालं तुझं समाधान?

आता माझं ऐक. तुझं पत्र आलं की ती हात धुऊन, पदर सावरून बसायची आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायची. पाणी किती, माती कसली, वारा कुठला. शेवटचं पान आलं की आवाज बारीक व्हायचा. वाचून झालं तरी ती पान उलटून बघायची. पाठ कोरी असायची, न्हायतर मुळ्यांचं चित्र. तुला वाटलं असंल, वाचणारी तीच हाय, मग तिलाच लिहिल्यासारखं झालं. तसं होत न्हाय, बाबा. मायन्यात माझं नाव, आत झाडाचं नाव, आणि दोघांच्या मधी ती नुसती आवाज द्यायला.

परवा तिचा भाऊ न्यायला आला. सणवार न्हाय, बोलावणं न्हाय. तिनंच त्याला कळवलं होतं. मी विचारलं, काय कमी पडलं? ती झाडाला पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आजी, झाडाला किती जागा लागते ते त्यांनी बोटानं मोजून कळवलं. मला किती लागते, ते कुणी विचारलंच न्हाय." ह्याचं उत्तर तुझ्याकडं हाय.

ती माहेरी, करमाळ्याला गेली. कधी येणार, ते बोलली न्हाय. दोरा खुंटीला अडकवून गेलीय. गिरणीचा भोंगा झाला की मी उगाच दोघींचा चहा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते. झाडाशी बोलायला मी काय येडी न्हाय.

घरात वडीलधारं माणूस असताना बायकोला पत्र लिहीत न्हाईत, ही रीत मला शिकवू नगंस. ती पाळायला लावणारी आता मीच एक उरलीय, आणि मी म्हणते, लिही. पाकिटावर तिचं नाव घाल, पुढं तिच्या वडलांचं, मुक्काम करमाळा. आत झाडाचा शब्द काढायचा न्हाय. मला उत्तर नगं. धाडलंस तर न वाचता चुलीत घालीन. उत्तर मालतीला जाऊ दे, आणि ते तुझ्या हातचं पाहिजे.

तुझीच आजी,
बजाबाई