राणीछाप रुपया आणि चिंचेची वाटी

६ ऑक्टोबर
जमत नाही! प्लास्टिकच्या डबीतल्या नाण्याचा फोटो काढते आणि येतो माझाच चेहरा. ट्यूबलाइट, पंखा, मी – सगळे हजर. चांदीचा राणीछाप रुपया तेवढा गायब. आमचे हे, हेमराज, असते तर हसले असते. प्लांटची ड्यूटी करून नाणी जमवली, एकेक डबीत जपली, आणि मार्चमध्ये स्वतःच जग सोडून गेले.

७ ऑक्टोबर
मोठे दीर भैय्याजी दुर्गहून आले. "वंदना, तुले काय समजते यातलं? सराफ तोलून घेते, वितळवते, काम खतम. धनतेरसले मी काटा घेऊनच येतो." सासूबाई म्हणाल्या, "मोठा सांगते त आयक."
नाही ऐकत. घर चालवायला विकावी लागणार, कबूल. पण वितळू देणार नाही. जपणाऱ्यालाच ऑनलाइन विकेन.

१० ऑक्टोबर
जमलं! पंखा बंद, लाइट बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडलं, त्यातून मोबाइल डोकावतो. घामाने ब्लाउज भिजला. भिजू दे.

१३ ऑक्टोबर
एका रुपयावर ओरखडेच ओरखडे. सासूबाईंनी एका धनतेरसला चिंच-राखेने घासला होता. वर म्हणाल्या, "लक्ष्मी काळी कायले ठेवावं?" नाण्यांच्या शौकिनांना तर काळवंडलेलाच हवा असतो! सासूबाईंच्या हातापासून वाचवायलाच हेमराजनी डब्या आणल्या.
प्राची म्हणते, "मम्मी, लाइट घुमा ना थोडा, स्क्रॅच दिखेंगे ही नहीं." पोरगी हुशार आहे. मी उजेड मुद्दाम तिरपा केला, एकूण एक ओरखडा दिसेल असा. खाली लिहिलं – घासलेला आहे. घ्यायचा तर घ्या.

१५ ऑक्टोबर
नेमका तोच विकला गेला! भंडाऱ्याच्या एका बाईंनी घेतला. लिहितात, "आमच्या सासूबाईही अशाच घासायच्या."
आमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. जेवताना हळूच म्हणाल्या, "घासल्यानं खरंच खराब होते काय वो?"

१७ ऑक्टोबर
भैय्याजींचा फोन. उद्या येतात. येऊ देत. नाण्यांची पेटी मिळणार नाही.

१८ ऑक्टोबर, धनतेरस
कपाटात पेटी नाही! देवघरात धावले. सासूबाईंपुढे सगळ्या डब्या, शेजारी चिंचेची वाटी. जवळ जाऊन पाहिलं.
चिंच समई घासायला होती. डब्या बंदच. हळदकुंकू वरच्या प्लास्टिकवर लावलेलं.
दारात भैय्याजी, हातात काटा. सासूबाईंनी मान वळवली नाही.
"पूजेतली लक्ष्मी तोलत नसतेत. अन् ते वंदनाची आहे, तिले विचार."