रांगेत दाखवलेलं बोट

रविवार, १२ एप्रिल. महाड.

आज गावी, कापड्याला, आईकडे गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी धाकट्या भावाचा, दिनूचा, फोन लागला. तो ज्या परक्या राजधानीत वायरमन आहे तिथे युद्ध चालू आहे आणि सरकारविरुद्ध ब्र काढता येत नाही. फोन ऐकतात म्हणून तो गावच्या बोलीतच बोलतो. ती तिथे कुणाला कळणार?

"खातोस काय रे?" आईने विचारलं.

"पाव मिळतो गो. रांग असते, पण गरम मिळतो."

मग सहज म्हणाला, खोलीखालच्या पाववाल्याला पकडून नेलं. रांगेत कुणीतरी लढाईला शिव्या घातल्या होत्या. शिपायांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि कोण बोललं ते विचारलं.

"मी पाववाल्याकडं बोट दाखवलं."

"तो बोलला होता?" मी विचारलं.

"नाय. पण कुनाला तरी दाखवायलाच लागलं असतं."

हे तो कोणत्या आवाजात बोलला, तेच आठवतंय. पाव गरम मिळतो म्हणाला, त्याच आवाजात. आमचा दिनू.

आईने फोन आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "त्याला पोरं हायत काय रे?"

"एक पोरगी हाय. आता दुकान तीच बघते. मला रांगेत थांबवत नाय. पुढं बोलावून पाव देते."

"तिला माहीत नाही वाटतं?"

"माहीत हाय ना दादा. म्हणूनच देते."