नव्वद दिवसांच्या दाखल्यावरील माझी सही

मी, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त वनस्पती-तपासनीस, पूर्ण शुद्धीवर असून हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. डॉक्टरांनी मला आज तपासले. धाकट्या भावाला पुढे शंका काढता येऊ नये म्हणून डॉक्टर त्याच्याच पसंतीचे घेतले आहेत.

१. राहते घर मुलीला. छप्पर गळते, हे तिला ठाऊक आहे.

२. तराजू, सूक्ष्मदर्शक आणि एकतीस वह्याही तिलाच. मधुमेहावर देतात त्या गुडमारच्या पाल्यात देठ किती, माती किती, ओलावा किती, हे पोत्यागणिक त्यांत नोंदले आहे. भावाच्या नि माझ्या भुकटीच्या कारखान्यातली चौदा पोती मी नापास केली. तो म्हणाला, "दादा, पाला आहे, सोनं नाही. किती कस लावशील?" पोती दळली गेलीच.

३. आता मुख्य बाब. निवडक पाल्याची भुकटी मी स्वतः नव्वद दिवस घेतली. साखर उतरली. मधुमेहाच्या माझ्या नेहमीच्या गोळ्याही तेव्हा चालू होत्या, आणि तसे मी कारखान्याला दिलेल्या दाखल्यात स्पष्ट लिहिले होते. एका माणसावरून, त्यातही गोळ्या घेणाऱ्या, काहीच सिद्ध होत नाही. भावाने गोळ्यांचे वाक्य गाळले आणि उरलेला दाखला माझ्या सहीसकट पाकिटावर छापला. आत भुकटी त्या नापास पोत्यांची. मी चार पत्रे लिहिली. उत्तर एकच: "एवढं वाचायला लोकांना वेळ कुठाय, दादा?"

समोरच्या शिंपीणबाईंनी वेळ काढून वाचले. भुकटी सुरू केली आणि मधुमेहाच्या स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. त्यांचे मशीन पायाने चालते.

तो दाखला मी याद्वारे मागे घेतो. कारखान्यातला माझा निम्मा हिस्सा मुलीला. पाकिटावरून माझी सही निघेपर्यंत तिने काकाच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. तो रडेल. लहानपणापासून त्याला ते जमते.

४. रस्त्याकडची खोली मी शिंपीणबाईंना देणार होतो. परंतु वकिलांच्या मते साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि बाई तर साक्षीला हटून बसलेल्या. साक्षीदार दुसरा मिळेल, खोली मिळणार नाही, असे मी परोपरीने पटवले.

"खोली राहू द्या, आजोबा," त्या म्हणाल्या. "तुमच्या सहीवर विसंबून माझी बोटं गेली. आता ती सही खोटी ठरवताय, तर तिथं मी हवी."

बाईंचे नाव साक्षीदारांत घातले. खोली मुलीला.

वाचून, खाडाखोड न करता सही केली.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार, माझ्यासमक्ष:
१. डॉक्टर (सही)
२. शिंपीणबाई (सही)

स्थळ: तपासणीची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा